पटकथेची कादंबरी होताना

प्रश्न : गाजलेल्या विज्ञानपटांच्या कादंबऱ्या चित्रपट पाहून लिहितात का? अशा लेखकाची मुलाखत घ्यायची तर काय विचारावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पाहून नाही हो! बहुतेकदा हातात नुसती पटकथा असते. ‘स्टार वॉर्स’ची कादंबरी १९७६च्या अखेरीस आली, चित्रपट मे १९७७मध्ये. मुखपृष्ठावर नाव दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांचं, लिहिली मात्र ॲलन डीन फॉस्टर यांनी. ‘एलियन’ची (१९७९) कादंबरी लिहिताना तर फॉस्टरना चित्रपटातला तो परग्रहावरचा प्राणी कसा दिसतो हेच दाखवलं नव्हतं. ते पुस्तक मी कॉलेजात असताना फुटपाथवरून घेतलं होतं, पानं सुटलेली. त्या प्राण्याचं धड वर्णन नाही, तरी रात्री दिवा मालवायची छाती झाली नव्हती.

म्हणून ‘कल्पना कुठून सुचतात?’ हे विचारू नका. पटकथेतला एकच प्रसंग निवडा, पुस्तकातलं तेच पान उघडून लेखकासमोर ठेवा आणि विचारा, ‘पडद्यावर न दिसणारं पात्राच्या मनातलं हे वाक्य तुम्हाला कुठे सापडलं?’ मग गप्प बसा. त्यांना आठवू द्या. माझ्या मते या लेखकांची खरी कारागिरी तिथेच असते, आणि तेच त्यांना फार कमी जण विचारतात.