वेळासला पहिल्यांदा जाताना

कासवांच्या कामासाठी हंगामभर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास या किनाऱ्यावरच्या गावी राहणार आहेस, फार बरं वाटलं. पहाटे अंधारात किनारा चालायची सवय कर. पांढरी विजेरी नको, मंद लाल उजेड पुरतो.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी एका वेळी साधारण 100 ते 120 अंडी घालते. ती हॅचरीत, म्हणजे अंडी जपायच्या राखलेल्या जागेत, हलवायची असतील तर उशीर नको, आणि अंडं जसं होतं तसंच उचल. वरची बाजू वरच राहिली पाहिजे. गर्भ कवचाला चिकटल्यावर अंडं फिरलं तर तो मरतो. खड्डाही मूळ घरट्याइतकाच खोल हवा, तळाशी रुंद. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, म्हणून सावली जुन्या कासवमित्रांना, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांना, विचारूनच कर.

या माणसांना धरून राहा. 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथं कासवं वाचवायचं काम सुरू केलं, ते गाव सोबत आलं म्हणूनच टिकलं. पिल्लं समुद्रात जाताना पाहायच्या कासव महोत्सवात पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, चार पैसे घरात येतात.

पिल्लू हातात घेऊन फोटो मागणाऱ्याला ठाम नकार दे. पिल्लाला वाळूवरून स्वतःच समुद्राकडे जाऊ दे. शाळेच्या मुलांना भाषण देऊ नकोस, पहाटे मादीचा माग दाखव. प्रश्न तीच विचारतील.