वाचक विचारतात : कॉलनीतल्या बागेला पैसे कुठून?

प्रश्न : आमच्या कॉलनीतली बाग तीन वर्षांपूर्वी सरकारी निधीतून झाली. झोक्याच्या साखळ्या तुटल्या, वाटेवरचे पेव्हर ब्लॉक वर आले, लॉन वाळलं. नगरपरिषदेत विचारलं की उत्तर एकच, ‘निधी नाही.’ अर्ज कुठे करावा?
– एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : आधी जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. लेआउटमध्ये सोडलेला ओपन स्पेस बऱ्याच ठिकाणी अजून मूळ मालकाच्याच नावावर असतो आणि फाइल तिथेच अडते. तसं असेल तर पहिला अर्ज हस्तांतरणाचा.

मग माहितीच्या अधिकारात, १० रुपये शुल्क भरून, जुन्या कामाचा कार्यादेश, करारनामा आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते तो करारातला काळ, संपलेला नसेल, तर सदोष काम ठेकेदारानेच स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. ही तारीख कुणी पाहत नाही आणि ठेकेदाराची अनामत निमूट परत जाते.

हा कालावधी संपला असेल तर ‘बागेची दुरुस्ती’ असा एकच अर्ज देऊ नका, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील. साखळ्या, ग्रीस, पाणी, माळी ही देखभाल. तिची तरतूद नगरपरिषदेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात हवी, म्हणून तो अर्ज डिसेंबरच्या आत द्या. नवी वाट, कुंपण, खेळणी ही भांडवली कामं. ती जिल्हा वार्षिक योजनेतल्या नगरोत्थान या शहरी कामांसाठीच्या राज्य योजनेतून किंवा आमदार निधीतून मागा. दोन्ही अर्जांवर आवक क्रमांक घ्याच.

ब्लॉकचं मात्र नीट पाहा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एस्टिमेटमध्ये नुसतं ‘ब्लॉक काढून पुन्हा बसवणे’ असेल तर पुढच्या पावसाळ्यात ते परत उचलणार. काळी माती खोदून काढणे, मुरूम थराथराने पाणी मारून रोलरने दाबणे, वर खडीचा थर, २५ ते ३० मि.मी. वाळू आणि ६० मि.मी.चे ब्लॉक, हे सगळं त्यात लिहून हवं. दोन्ही बाजूंना काँक्रीटची कड हवीच. ती नसली की कडेचे ब्लॉक सरकतात आणि मागोमाग मधलेही सुटतात.

लॉन पुन्हा मागू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला लागणारं पाणी कुठलीच नगरपरिषद देऊ शकत नाही. त्याऐवजी कडुनिंब, करंज आणि ठिबक मागा; खड्डे मे महिन्यातच खोदून उन्हात तापू द्या.