गिटारवरचे सोल-जॅझ ऐकू लागणाऱ्यांसाठी

सोल-जॅझची, म्हणजे ब्लूज आणि गॉस्पेलचा रंग असलेल्या जॅझची, ओळख करून घ्यायची असेल, तर गिटारवादक केनी बरेल यांच्या ‘मिडनाइट ब्लू’पासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. जानेवारी 1963 मध्ये न्यू जर्सीतील ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ब्लू नोट कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये पियानो नाही आणि या शैलीत हटकून आढळणारा ऑर्गनही नाही. त्यामुळे स्वरसंगतीचा सगळा भार गिटारवर येतो आणि नवख्या कानालाही तिचे काम स्पष्ट कळते.

‘चिटलिन्स कॉन कार्ने’ हा पहिलाच तुकडा सावकाश ऐकावा. स्टॅनली टरेंटाइन यांचा टेनर सॅक्सोफोन चालू असताना बरेल मागे दोन-तीन तोकडे कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) टाकून थांबतात, आणि त्या मोकळ्या जागेत रे बरेटो यांचा काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) व मेजर हॉली यांचा बास ठळक ऐकू येतो. एकदा केवळ या साथीकडेच लक्ष द्यावे, कारण नवशिके वादक सोलोच्या जागा घोकतात आणि नेमके हे थांबणे त्यांच्या नजरेतून सुटते.

‘सोल लमेंट’मध्ये गिटार एकटीच आहे, तो छोटा तुकडा मात्र रात्री, हेडफोन लावून ऐकावा. वेगवान बोटांची करामत शोधणाऱ्यांची येथे निराशा होईल, आणि माझ्या मते ते चांगलेच आहे. हा अल्बम अंगवळणी पडल्यावर ग्रँट ग्रीन या दुसऱ्या गिटारवादकाकडे वळावे.