चल त्वरणाची गणिते सोडवताना

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली गणिते बारकाईने वाचली. संकलन (इंटिग्रेशन) बहुतेक ठिकाणी बिनचूक आहे. गाडी अडते ती त्याआधी, सूत्र निवडताना. त्वरण काळानुसार बदलते असे स्पष्ट दिलेले असतानाही व्ही = यू + एटी (व्ही म्हणजे वेग, यू आरंभीचा वेग, ए त्वरण, टी काळ) हेच समीकरण वापरले आहेस, आणि ते तर त्वरण स्थिर आहे असे गृहीत धरूनच मिळालेले आहे. तेव्हा आधी त्वरण काळावर, स्थानावर की वेगावर अवलंबून आहे, हे पाहावे. काळावर असेल तर त्वरण डीव्ही/डीटी या रूपात मांडावे, स्थानावर असेल तर व्ही × डीव्ही/डीएक्स या रूपात (एक्स म्हणजे आरंभबिंदूपासून मोजलेले स्थान).

वेगावर असेल, तर काय विचारले आहे त्यावरून रूप ठरते. समज, कणाचा आरंभीचा वेग यू आणि त्वरण −केव्ही आहे (के हा धन स्थिरांक). पहिल्या रूपाने वेग घातांकी रीतीने घटत जातो, पण कोणत्याही सांत (मर्यादित) काळात शून्य होत नाही. दुसऱ्या रूपाने व्ही = यू − केएक्स असे साधे रेषीय समीकरण मिळते, म्हणजे कण यू/के या अंतरापलीकडे कधीच जात नाही. कण थांबत नाही, तरीही मर्यादा ओलांडत नाही. मला स्वतःला हे गणित फार आवडते.

संकलनाचा स्थिरांक त्याच ओळीत, आरंभीची स्थिती घालून काढावा. तो पुढे ढकलला की हमखास विसरला जातो.

आता तुझे चौथे गणित. त्वरण ६टी − १२ आणि आरंभीचा वेग ९ मीटर प्रतिसेकंद, म्हणून वेग ३टी² − १२टी + ९, हे बरोबर आहे. पण पहिल्या ४ सेकंदांत कापलेले अंतर ४ मीटर लिहिले आहेस, ते विस्थापन, म्हणजे आरंभीच्या आणि शेवटच्या स्थानांतील फरक, झाले. वेगाचे अवयव पाडले तर ३(टी − १)(टी − ३) मिळतात, म्हणजे १ आणि ३ सेकंदांना कण दिशा बदलतो. तो ४ मीटर पुढे जातो, आरंभबिंदूपाशी परततो आणि पुन्हा ४ मीटर पुढे जातो. अंतर १२ मीटर. अंतर विचारले असेल तेव्हा संकलनाच्या सीमा घालण्यापूर्वी वेग कुठे शून्य होतो ते शोधून त्या क्षणांपाशी संकलनाचे तुकडे करावेत. सातव्या गणितातही हीच चूक आहे; ते पुन्हा सोडवून पाठव.

तुझा हितचिंतक