फुलपाखरांचं वर्गीकरण शिकताय? आधी पाय मोजा

अरे, रंगावरून कुळ ठरवायला जाऊ नकोस, सगळे नवीन लोक तिथेच फसतात. कढीपत्त्यावर अंडी घालणारी कॉमन मॉरमॉन फुलपाखराची मादी बघ, तिचं एक रूप पंखांवर हुबेहूब कॉमन रोझ फुलपाखरासारखं, पण रोझचं अंग लालभडक आणि हिचं काळं. ही नक्कल कशाला? रोझची अळी सापसण वेलीची विषारी पानं खाते म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत आणि ही नुसतं तिचं रूप घेऊन वाचते. म्हणजे दिसणं सारखं म्हणून नातं सख्खं असं नसतं (इथे दोघी स्वॅलोटेल कुळातल्याच, पण त्यातले वंश, म्हणजे genus, वेगळे).

त्यापेक्षा बसलेलं फुलपाखरू क्लोजअपमध्ये बघ. चारच पाय दिसले, पुढचे दोन ब्रशसारखे आखूड, तर बहुतेक निम्फॅलिडी कुळातलं.

जुन्या पुस्तकांत टायगर आणि क्रो नावाच्या फुलपाखरांचं वेगळं कुळ दिसेल, गोंधळू नकोस, आता ते निम्फॅलिडीचंच उपकुळ आहे. स्किपर, म्हणजे जाडसर अंगाची, झपझप उडणारी छोटी फुलपाखरं, हीही पूर्वी बाकी फुलपाखरांपासून बाजूला ठेवायचे, पण डीएनए बघितल्यावर कळलं की फुलपाखरांच्या वंशवृक्षात सगळ्यात आधी फुटलेली फांदी स्किपरची नाही, स्वॅलोटेलची! 2023 च्या मोठ्या अभ्यासात जवळपास 2,300 जातींचा डीएनए तपासला, आणि फुलपाखरांची सुरुवात साधारण 10 कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडांत झाली असं निघालं. मला तर हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.