12 पैकी 10 शब्द वाचता येतात आणि पासवर्ड अर्धवट आठवतो, जुनं बिटकॉइन वॉलेट उघडेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की 2016 च्या मोबाइल वॉलेटचे 12 शब्द, म्हणजे फोन गेला तरी वॉलेट परत उघडायची चावी, तुम्ही डायरीत लिहून ठेवले होते, त्यातले 10 स्पष्ट आहेत, एकाची पहिली दोन अक्षरं दिसतात आणि एक पूर्ण पुसला गेलाय. शिवाय 2013 च्या लॅपटॉपवर वॉलेट डॉट डॅट नावाची फाइल आहे, तिचा पासवर्ड साधारण आठवतो पण लागत नाही. आणि आता सोडून द्यावं का असं विचारून राहिले तुम्ही. भाऊ, नका सोडू. पहिलं तर बहुतेक निघेलच, दुसरं तुमच्या आठवणीवर आहे. मी आयटीतला असलो तरी यातला तज्ज्ञ नाही, पण घरच्याच एका केसमध्ये हे सगळं हातानं केलंय म्हणून सविस्तर लिहितो.

माझा मामेभाऊ सक्करदऱ्याला राहतो. त्यानं 2016 मध्ये मायसेलियम ॲपमध्ये थोडे बिटकॉइन घेऊन ठेवले, शब्द जेल पेननं एका डायरीत लिहिले आणि डायरी खिडकीजवळच्या कपाटात वरच्या खणात. आता नागपूरचा मे महिना म्हणजे घरोघरी खिडकीत कूलर, त्याच्या कूलरची पाइप कधीतरी सटकली आणि पाणी भिंतीवरून कपाटात गेलं. डायरी वाळली पण शाई पसरली. मोबाइल त्याआधीच बंद पडून एक्स्चेंज ऑफरमध्ये गेला होता. 2021 च्या मे महिन्यात लॉकडाउनमध्ये सगळे घरी बसलेले तेव्हा मामीनं कपाट आवरायला काढलं आणि ती डायरी हाती लागली. तुमची परिस्थिती वाचली आणि तेच पान डोळ्यापुढं आलं, त्याचंही असंच, 10 शब्द साफ, एकाचं फक्त एस-टी, एक निळा डाग.

आधी हे समजून घ्या की ते शब्द कुठलेही नसतात. बीआयपी-39 नावाचं मानक आहे 2013 चं, त्यात इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी आहे, बरोबर 2048 शब्द, आणि यादी अशी बनवलीय की पहिली चार अक्षरं कळली की शब्द पक्का होतो, दुसरा कुठला बसतच नाही. म्हणजे पुसलेल्या शब्दासाठी जास्तीत जास्त 2048 पर्याय. एस-टी नं सुरू होणारे यादीत तीसेक निघतात. दोन्ही मिळून 60-70 हजार जोड्या झाल्या, आणि त्यातही शेवटच्या शब्दात 4 बिटांचा चेकसम, म्हणजे बाकीच्या शब्दांशी ताळा जुळतो का ते सांगणारा भाग, दडलेला असतो, त्यामुळं दर 16 जोड्यांतली साधारण एकच वैध निघते. राहिल्या 4 हजाराच्या आसपास. एवढं काम साधा लॅपटॉप काही मिनिटांत करतो. माणसाला वाटतं शब्द गेला म्हणजे सगळं गेलं, पण हिशोब मांडला की धीर येतो.

पान परत एकदा नीट बघा मात्र, घाई न करता. आम्ही दिवसा बघत होतो तेव्हा काही दिसत नव्हतं, रात्री लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च पानाच्या एका कडेला एकदम आडवा धरला तेव्हा पेनाच्या दाबाची खाच दिसली. शाई वाहून जाते पण दाब राहतो. पानाच्या मागून बोट फिरवलं तरी लागतो, आणि खालच्या कोऱ्या पानावर पण उमटलेला असतो, तिथं पेन्सिल घासू नका, आडवा टॉर्चच पुरतो. एस-टी नंतर एक उभी लांब रेघ होती असं मामीला दिसलं, मला नाही दिसली, म्हणून आम्ही ते गृहीत धरलं नाही, नुसतं वहीत टिपून ठेवलं. फोटो काढायचा मोह होतो, फोनचा फोटो आपोआप क्लाउडवर जातो, तो सिंक आधी बंद करा नाहीतर काढूच नका.

मग लागतो पत्ता, म्हणजे ज्यावर तुमचे बिटकॉइन आले तो वॉलेटचा नंबर. हे फार जण विसरतात. 4 हजार वैध पर्याय म्हणजे 4 हजार वॉलेट, त्यातलं तुमचं कोणतं हे ओळखायला तुमचा एखादा जुना पत्ता हाताशी असला की काम एकदम सोपं होतं. तेव्हा ज्या एक्स्चेंजवरून कॉइन पाठवले त्याच्या विड्रॉवलचा ईमेल शोधा, मित्राला चॅटवर पाठवलेला असेल, क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट असेल. 1 नं सुरू होणारी 26 ते 34 अक्षरांची ओळ दिसली की तीच. आमच्याकडं ईमेलमध्ये सापडला, तोही स्पॅममध्ये नाही, प्रमोशनच्या टॅबमध्ये पडून होता पाच वर्षं.

टूल म्हणाल तर बीटीसीरिकव्हर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पायथनवर चालतं, त्यातच सीडरिकव्हर नावाचा भाग आहे तो शब्दांसाठी. इंटरनेट असताना डाउनलोड करा, मग वायफाय बंद, आणि जमलं तर पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सनं लॅपटॉप सुरू करून त्यातच चालवा. शब्द ऑनलाइन कुठल्याच वेबसाइटवर टाकायचे नाहीत, 10 शब्द सुद्धा नाही. का ते सांगतो. 2020 मध्ये ॲलिस्टेअर मिल्न नावाच्या गुंतवणूकदारानं एका वॉलेटमध्ये 1 बिटकॉइन ठेवून त्याचे शब्द एकेक करून जाहीर करायला सुरुवात केली होती, 8 शब्द बाहेर आल्यावर जॉन कँट्रेल या प्रोग्रामरनं उरलेले 4 भाड्याच्या ग्राफिक्स कार्डांवर 1 लाख कोटीच्या वर पर्याय तपासून काढले, तेही तीसेक तासांत. म्हणजे तुमचे 10 शब्द ज्याच्या हाती लागले त्याच्या हाती वॉलेटच लागलं असं धरून चाला.

आमचं पहिल्यांदा चालवलं तेव्हा काहीच निघालं नाही. सगळे पर्याय संपले, सापडलं नाही असं लिहून आलं, आणि मामेभावाचं तोंड एवढंसं झालं. रात्री अकराला मी घरी निघालो होतो, चप्पल घालता घालता विचारलं की बावा तू हे दोन रांगांत काहून लिहिलं, सहा डावीकडं सहा उजवीकडं. तो म्हणाला पानात मावावं म्हणून. आम्ही आडवे वाचून राहिलो होतो, एक डावा एक उजवा, आणि त्यानं लिहिले होते उभे, आधी डावी रांग पूर्ण मग उजवी. क्रम बदलून परत चालवलं आणि चहा होईपर्यंत पत्ता जुळला. म्हणून तुमचं नाही निघालं तर लगेच हार मानू नका, आधी क्रम तपासा. अगदी 12 च्या 12 शब्द आहेत पण क्रमच माहीत नाही अशी वेळ आली तरी ते 47 कोटी 90 लाख क्रम होतात, चेकसमनं 3 कोटीच्या आत येतात, तेही होण्यासारखं आहे.

आणखी दोन गोष्टी अडवतात. एक, वॉलेट इलेक्ट्रम नावाच्या सॉफ्टवेअरचं असेल तर त्याचे शब्द बीआयपी-39 चे नसतात, दिसायला सारखेच दिसतात पण तपासायची पद्धत वेगळी, टूलमध्ये वॉलेटचा प्रकार बरोबर निवडावा लागतो. दोन, शब्द बरोबर लागूनही बॅलन्स शून्य दिसतो तेव्हा बहुतेकदा डेरिव्हेशन पाथ, म्हणजे शब्दांवरून पत्ते काढायची ठरलेली वाट, चुकलेला असतो, 2016 च्या बऱ्याच मोबाइल वॉलेटचा 44 वाला पाथ, नवीन वॉलेट 84 वाला घेतात, आणि माणूस शून्य बघून रडत बसतो. वेगवेगळे पाथ लावून बघा. बारा शब्दांवर वरून एखादा वेगळा पासफ्रेज लावला होता का हे पण आठवा, तो लावला असेल आणि विसरला असाल तर पत्ते सगळे वेगळेच येतात.

आता लॅपटॉप. इथं सगळ्यात मोठी चूक लोक पहिल्या पाच मिनिटांत करतात, लॅपटॉप चालू करतात, अपडेट येऊ देतात, त्यातच नवीन सॉफ्टवेअर टाकतात. तसं नका करू. तुमची फाइल दिसते म्हणता तर आधी तिच्या दोन-तीन कॉपी वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर, आणि यापुढं जे काय करायचं ते कॉपीवर, मूळ फाइलला हात नाही. हार्ड डिस्क कटकट आवाज करत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा आणि आधी डीडीरेस्क्यू या फुकट टूलनं पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, घ्या. डिस्कवर आणखी जुन्या वॉलेट डॉट डॅट असतील तर त्या पण ठेवा, ही फाइल बनवणारं सॉफ्टवेअर म्हणजे बिटकॉइन कोअर, त्याच्या 2016 च्या आधीच्या व्हर्जनमध्ये कॉइन हलवायच्या सगळ्या चाव्या एकाच मूळ चावीतून निघत नव्हत्या, शंभर चाव्या आधी बनवून ठेवायचे आणि संपल्या की नवीन, त्यामुळं कोणत्या फाइलमध्ये कोणती चावी आहे सांगता येत नाही.

पासवर्डचं गणित शब्दांपेक्षा कठीण आहे कारण बिटकॉइन कोअर मुद्दाम हळू तपासतं, एकेका पासवर्डसाठी हॅशिंग नावाचं गणित किमान 25 हजार वेळा होतं. समजा तुमचा पासवर्ड 8 अक्षरांचा, लहान अक्षरं आणि आकडे, आणि तुम्हाला काहीच आठवत नाही, तर 2.8 लाख कोटी पर्याय, सेकंदाला 10 हजार धरले तरी जवळपास 9 वर्षं. पण तुम्हाला आठवतंय ना अंदाजे. मग पर्याय कोटींवरून हजारांवर येतात, आणि म्हणून खरं काम कॉम्प्युटरवर नाही, वही-पेनावर आहे.

माझ्या एका मित्राची अशीच फाइल होती. तो शपथेवर सांगायचा की गाडीचा नंबर होता, एमएच-31 वाला, आम्ही त्याच्या बाइकचा, वडिलांच्या स्कूटरचा, सगळ्यांचा नंबर लावला, पुढं-मागं नाव लावलं, कॅपिटल-स्मॉल केलं, 4 लाखाच्या वर झाले, नाही लागला. मग त्याला म्हटलं गाडी सोड, 2013 मध्ये तू कुठं राहत होता, तेव्हाचे बाकीचे पासवर्ड काय होते, ब्राउझरमध्ये सेव्ह असलेले काढ. त्यातून दिसलं की पठ्ठ्या त्या काळात शेवटी नेहमी चार आकडे लावायचा आणि ते गाडीचे नव्हतेच. त्याच्या बहिणीला फोन केला तर ती लगेच म्हणाली, अरे महाल भागातल्या घरच्या लँडलाइनचे शेवटचे चार. 0712 वाला तो नंबर कधीच कटला होता, पण बोटांना पाठ होता. त्याच दिवशी उघडलं. म्हणून तुम्ही एकटे बसून आठवू नका, तेव्हा सोबत असलेल्या माणसांना विचारा, पासवर्ड नका विचारू, त्या दिवसांबद्दल विचारा. आठवलेले तुकडे एका टोकन फाइलमध्ये लिहायचे, बीटीसीरिकव्हर ते पुढं-मागं जोडून बघतं, टायपिंगच्या चुका पण धरतं, कॅप्स लॉक चालू राहिला असेल ते पण.

पासवर्ड मॅनेजरनं बनवलेला असेल तर सांगा, त्यातही वाट असते. 2013 मधल्या एका वॉलेटचे 43.6 बिटकॉइन जो ग्रँड नावाच्या हार्डवेअर हॅकरनं आणि त्याच्या सोबत्यानं काढून दिले, 2024 मध्ये ते जाहीर झालं, कारण रोबोफॉर्म या पासवर्ड मॅनेजरच्या जुन्या व्हर्जनमध्ये पासवर्ड कॉम्प्युटरच्या तारीख-वेळेवरून बनत होता. त्यांनी वेळ मागं फिरवून तेच पासवर्ड परत बनवले.

आणि हो, हे लिहिल्या लिहिल्या तुम्हाला मेसेज यायला लागतील, आम्ही काढून देतो, आधी एवढी फी भरा, शब्द पाठवा. एकालाही उत्तर देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका काकांचे फक्त 5 शब्द उरले होते, मी त्यांना स्पष्ट सांगितलं की नाही होणार, त्यांना ते सहन झालं नाही आणि त्यांनी टेलिग्रामवरच्या कोणाला तरी 40 हजार दिले, तो माणूस पुन्हा दिसला नाही. मला अजून वाटतं मी त्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसायला पाहिजे होतं. असं कोणी फसवलंच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पैसे फिरायच्या आत. खरी सेवा देणारे लोक आहेत, काढून झाल्यावर टक्केवारी घेतात, पण वॉलेट डॉट डॅटच्या बाबतीत त्यांना पूर्ण फाइल द्यायची गरज नसते, बीटीसीरिकव्हरमध्येच एक स्क्रिप्ट आहे ती फाइलमधून फक्त पासवर्ड तपासण्यापुरता तुकडा काढते, त्यावरून पासवर्ड सापडू शकतो पण कॉइन हलवता येत नाहीत. 12 शब्दांच्या बाबतीत अशी सोय नाही, ते काम स्वतःच करा.

उघडलं की लगेच नवीन वॉलेट, नवीन शब्द, आणि आधी थोडेसे पाठवून पोचले की मग बाकीचे. 1 ऑगस्ट 2017 च्या आधीचे कॉइन असतील तर त्याच चाव्यांवर तेवढेच बिटकॉइन कॅश, म्हणजे त्या दिवशी बिटकॉइनपासून फुटून निघालेलं वेगळं चलन, ते पण आहेत, ते नंतर बघा, आधी बिटकॉइन सुरक्षित करा. नुसतं परत मिळाल्यावर टॅक्स लागत नाही, विकल्यावर नफ्यावर 30 टक्के आणि वर सेस, 1 एप्रिल 2022 पासून. खरेदीची किंमत वजा होते म्हणून तेव्हाचं बँक स्टेटमेंट आत्ताच मागवून ठेवा, जुनं काढायला बँका वेळ लावतात.

तर या रविवारी एवढंच करा: फाइलच्या कॉपी, आडव्या टॉर्चनं पान, आणि ईमेलमध्ये पत्ता. शब्द किंवा पासवर्डचा तुकडा ऑनलाइन कुठंही लिहू नका, मला पण नाही. फक्त वॉलेट ॲपचं नाव, डायरीत शब्द एका रांगेत आहेत की दोन, आणि लॅपटॉपला हार्ड डिस्क आहे की एसएसडी एवढं सांगा, मग टूलमध्ये नेमकं काय टाईप करायचं ते मी ओळीनं लिहून देतो.