खान्देशातली सालदारी वेठबिगारीच होती का? आमच्या घरातला अनुभव

तुम्ही विचारलंय की खान्देशात पूर्वी शेतावर सालदार (वर्षाच्या बोलीनं बांधलेला गडी) ठेवायचे, ती वेठबिगारीच होती का, आणि इथं कुणाच्या घरात सालदारी केलेलं माणूस होतं का. माझे आबा, म्हणजे वडलांचे वडील, अमळनेर तालुक्यात एकाच मालकाकडे बावीस सालं सालदार होते. म्हणून लिहितो.

आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू व्हायचं आणि आखाजीलाच सरायचं. त्यामागे शेतीचा हिशेब आहे. तोवर ज्वारी, गहू, हरभरा खळ्यातून घरात आलेला असतो, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात आणि मृगाला अजून अवकाश असतो. मालक बदलायचा तर याच दिवसांत. एकदा बोली झाली की पुढच्या आखाजीपर्यंत माणूस मालकाचा. आबांच्या बोलीत रोख रक्कम, ज्वारी, एक घोंगडी, वहाणांचा जोड आणि पोळ्याला कपडे एवढं असायचं.

काम किती, हे सांगायला तास पुरत नाहीत. पहाटे बैलांना कडबा टाकण्यापासून दिवस सुरू. मग ऋतूप्रमाणे वखर, तिफण, कोळपणी. उन्हाळ्यात मिरचीला पाणी द्यायला मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतून ओढायचं चामडी पोतं. धावेवरून बैलांबरोबर खाली उतरायचं, पुन्हा मागं यायचं, थारोळ्यात पाणी पडताना ऐकायचं आणि परत उतरायचं. ज्वारी निसवली की रात्री माळ्यावर राखण. मोठी माय, म्हणजे आमची आजी, कळण्याची भाकर आणि ठेचा घेऊन मळ्यात जायची. नवरा-बायकोचं बोलणं व्हायचं ते तिथं, बांधावर. घरी झोपलेले आबा माझ्या वडलांना लहानपणचे फारसे आठवतच नाहीत.

आता तुमचा मुद्दा. आखाजीला सोडून जायची मोकळीक होती, म्हणून मी तिला सरसकट वेठबिगारी म्हणणार नाही. पण मोकळीक कागदावरची होती. साल ठरतानाच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यावी लागायची, कारण आधीचं देणं उभं असायचं. मोठ्या आत्याच्या लग्नाची उचल फेडण्यात आबांची तीन सालं गेली, तेवढ्यात दुसऱ्या मालकानं जास्त बोली लावूनही जाता आलं नाही. हे माझ्या मते बांधलेपणच. 1976 च्या कायद्यानं असं कर्जापोटी राबवणं बंद केलं, तेव्हा आबांची सालदारी संपली होती. 1972 च्या दुष्काळात विहीर आटली, मालकानं बैल विकले आणि सालदार ठेवायला कामच उरलं नाही. आबा आणि मोठी माय खडी फोडायला गेले. तिथं मिळालेली सुकडी मी खाल्ली आहे, तिची चव अजून जिभेवर आहे.

सगळ्यांत जास्त दुखायचं ते खाड्यांचं. न आलेल्या दिवसाला खाडा म्हणायचे आणि साल सरताना त्याचे पैसे कापायचे. मालकाकडे वही होती. आबांना अक्षर येत नव्हतं, म्हणून मोठी माय एका गाडग्यात खाड्यागणिक एक सरकी टाकायची. वडील चौथीत असताना हिशेबाला पहिल्यांदा सोबत गेले. वहीत एकोणीस खाडे, गाडग्यात चौदा सरक्या. वडलांनी वही मोठ्यानं वाचली, एकेक तिथी. तेव्हा उलगडलं की जास्तीचे पाच दिवस आबा तापानं पडून होते आणि बारा वर्षांचे माझे काका त्यांच्या जागी औतावर गेले होते. मालकाचं म्हणणं, पोराचं काम गड्याच्या कामाइतकं होत नाही. ते अगदीच खोटं नव्हतं. पण पोर दिवसभर उन्हात राबलं होतं, हेही खरंच होतं. शेवटी पाचाचे अडीच खाडे ठरले. त्या दिवसानंतर मोठ्या मायनं वडलांना एकदाही शाळा बुडवू दिली नाही.

आणि त्याच दिवशी घरी आखाजी असायची. पितरांसाठी नवी घागर भरून तिच्यावर डांगर (खरबूज) आणि सांजोरी ठेवलेली. माहेरवाशिणी आलेल्या, गल्लीत झोक्यावरची गाणी चाललेली. आमच्या आत्या मात्र अंगणात थांबून राहायच्या, कारण झोक्याचा दोर आबांबरोबर येणार असायचा. मोटेचा जाड नाडा ते मालकाकडून मागून आणायचे. दारातून आत येताना "साल सरनं" एवढंच म्हणायचे आणि थेट लिंबावर चढायचे. आधी धाकटी आत्या बसायची, मग मोठी. दोन दिवसांनी नाडा सोडून, गुंडाळून खांद्यावर टाकायचा आणि पहाटेच मळ्याची वाट धरायची. नव्या सालाला ते असेच निघायचे.